दहापैकी पाच

आधीच सांगून टाकते, मी खवचट आहे. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी तिसरीत होते. बाई म्हणाल्या, आता आपला जिल्हा लहान झाला. मी हात वर करून विचारलं, मग भूगोलाचा धडाही लहान होणार का? बाईंनी तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. तेव्हापासूनची ही खोड.

मोठी झाल्यावर साकोलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. टायपिंग आणि कॉम्प्युटरचा साधा कोर्स. भरतीची तयारी करणाऱ्या मुली तिथंच बसून ऑनलाइन सराव परीक्षा द्यायच्या. त्या परीक्षा इतक्या गोडगोड बोलायच्या की माझं डोकं उठायचं. उत्तर बरोबर आलं की अभिनंदन, चूक आलं की पुन्हा प्रयत्न करा. अरे, गणित चुकल्यावर आपल्याला कोणी कधी असं म्हटलंय का? आपल्याला तर म्हणायचे, शेण खाल्लं का सकाळी?

म्हणून दुपारच्या रिकाम्या तासांत, व्हिडिओ बघत बघत, चुकत आणि शिव्या घालत मी माझी स्वतःची वेबसाइट बनवली. नाव ठेवलं ‘डोक्याले ताप’. दहा गणितं तोंडी सोडवायची, प्रत्येकाखाली चार उत्तरं, त्यातलं एक दाबायचं. दाबलं की लगेच पुढचं गणित. चूक की बरोबर ते शेवटपर्यंत सांगायचं नाही, शेवटी फक्त दहापैकी किती तो आकडा. गणितांचे नंबर मुद्दाम उलटेसुलटे टाकलेले, पहिल्यानंतर सातवं, सातव्यानंतर दुसरं, म्हणजे किती झाली आणि किती राहिली हे कोणाच्या बापाला कळू नये. बोट जवळ नेलं की उत्तराचं बटण बाजूला सरकायचं. आणि वर एक टोमणा यायचा. ‘एवढा वेळ? तोवर भात शिजला असता.’ ‘उत्तर सुचलं का शेजारच्याचं पाहिलं?’ ‘पाढे पाठ आहेत म्हणत होती ना घरी?’

क्लासच्या मुली दातओठ खात खेळायच्या. एकीने माउस आपटला, तो बदलावा लागला. दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यांच्या आधी हजर. मला कोण आनंद! या कामाचे कोणी पैसे देत नव्हतं, कोणी शाबासकीही देत नव्हतं, पण इतकं मन लावून मी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

बाबा तेव्हा तुमसरजवळच्या चिखला गावात एकटे राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा मँगनीजच्या खाणीत वाइंडर होते. म्हणजे पोलादी दोरावर माणसांचा पिंजरा खाली सोडायचा आणि वर आणायचा, ते मशीन त्यांच्या हाती. तीस वर्षं तेच काम. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि कॉलनीच्या बाहेर दोन खोल्यांचं घर बांधलं. संध्याकाळी बुद्धविहार उघडायचा, झाडायचा, वंदनेला पोट्टे गोळा करायचे आणि वंदना झाली की त्यांना तोंडी गणितं घालायची. तेरा नव्वे किती? सतरा सत्ते किती? बाबांना कागद लागायचा नाही. त्या बाबतीत त्यांना गर्व होता आणि तो त्यांना शोभायचाही.

श्रावणात त्यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंड जरा वाकडं, डावा हात मांडीवर ठेवला तर तिथंच राहायचा. बोलणं हळूहळू परत आलं. पण तोवर एक वाईट गोष्ट होऊन बसली होती. सगळे त्यांच्याशी लहान पोराशी बोलावं तसं बोलायला लागले होते. ‘जेवले का जी? शाब्बास!’ ‘अरे वा, आज तर बसले!’ मीही त्यातच. व्यायाम करून घ्यायला यायची ती मुलगी चांगली होती बिचारी, पण तिने एक दिवस चित्रांचे कागद काढले आणि विचारलं, काका, दोन सफरचंदं आणि तीन सफरचंदं, किती झाली सांगा बरं? बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तो कागद उलटा करून खाटेवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवसानंतर ते जवळजवळ बोलेनासेच झाले.

मी शनिवारी साकोलीहून तुमसरला एसटीने आणि तिथून काळीपिवळी जीपने घरी जायची. रविवारी संध्याकाळी परत. बाकीचे दिवस शेजारच्या काकू सकाळ-संध्याकाळ डबा द्यायच्या. अशाच एका शनिवारी बाबांच्या खाटेजवळ बसून मी माझ्याच साइटवर नवे टोमणे घालत होते आणि एकटीच फिदीफिदी हसत होते.

“काय हासून राहिली?” बाबांनी विचारलं. आठवड्यातलं पहिलं वाक्य असेल ते.

मी फोन त्यांच्या पुढे धरला. त्यांनी उजव्या हाताने घेतला. गणित आलं, बाबा वाचत होते, तेवढ्यात वर ओळ आली, ‘एवढा वेळ? तोवर भात शिजला असता.’

“तुयाच शिजव ना बे भात!” बाबा ओरडले. खणखणीत! शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या. बटण सरकलं तशी बाबांनी आणखी एक शिवी हासडली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. “कोण आहे हे बैताड? कोणं बनवलं?”

“मीच बनवलं.”

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हसले. वाकड्या तोंडाने, पण पूर्ण हसले. मला रडूच आलं. सगळं जग त्यांच्याशी गोड बोलत होतं, आणि त्यांना हवं होतं कोणीतरी बरोबरीने भांडणारं.

मग मी त्यांच्यासाठी साइट थोडी बदलली आणि त्यांच्या फोनवर लावून दिली. बटणं मोठी केली, सरकणं बंद केलं. टोमणे सगळे ठेवले. लकव्यानंतर त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं, नवं गणित कधी आलं हे त्यांना चटकन दिसायचं नाही. म्हणून स्टीलच्या पेल्यावर चमचा मारून मी आवाज टेप केला आणि प्रत्येक गणिताच्या आधी तो लावला. टण्ण झालं की समजायचं, नवं गणित आलं. शेवटचा आकडा मला साकोलीत माझ्या फोनवर दिसेल अशीही सोय केली. मला वाटलं, काय हुशार आहे मी!

इकडे दादाचे फोन सुरू झाले होते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, नागपूरला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं, बाबांना एकटं ठेवायचं नाही. त्याने आपल्या फ्लॅटमधली मुलाची खोली रिकामी करायला काढली होती. मी म्हणायची, हाताचं ठीक आहे रे, काकू आहेत, मी आहे. तो म्हणायचा, “हाताचं नाही, डोक्याचं काय? गॅस चालू ठेवून झोपले तर? तू छातीवर हात ठेवून सांग, डोकं शाबूत आहे, मी नाही नेत.” ते काही मला सांगता येत नव्हतं. फोन स्पीकरवर होता आणि बाबा सगळं ऐकत होते.

“मी सांगतो,” बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. “या बाईच्या सवालात दहापैकी आठ आले का मी इथंच राहीन. दिवाळीच्या आधी नाई आले त तू म्हणशीन तिकडं येतो. गुमान येतो.”

दादा हसला आणि हो म्हणाला. मलाही वाटलं, आठ म्हणजे बाबांना डाव्या हातचा मळ.

पहिल्या दिवशी पाच आले.

मी म्हटलं, असू दे, सवय नाही. दुसऱ्या दिवशी पाच. मग सहा. मग पुन्हा पाच, पाच, पाच. मी क्लासमध्ये शिकवता शिकवता सारखी फोन बघायची. मुद्दाम सोपी गणितं घातली. बारा चोक, पंधरा त्रिक. तरी पाच. फोनवर विचारलं, “बाबा, घाई करता का जी?” तर “नाई” म्हणून गप्प. सुरुवातीला टोमण्यांवर कसे भांडले ते रंगवून सांगायचे, तेही बंद झालं. आणि माझी साइट तर फक्त शेवटचा आकडा ठेवायची. कोणतं गणित चुकलं, काय दाबलं, काहीच नाही. तेवढं करायचा मी आळस केला होता.

दिवाळी आठ दिवसांवर आली. दादाने विचारलं, किती येताहेत? मी म्हटलं, पाच. तो म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो. मी म्हटलं, हो, ये.

ते ‘हो’ मी म्हटलं. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून पाढे शिकवले त्याच्याबद्दल, एका आकड्याकडे पाहून, मी हो म्हटलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शनिवारी सामान बांधायला मी चिखल्याला गेले. दुपारची वेळ होती. बाबांनी आधीच पिशवी भरून ठेवली होती. एका हाताने घड्या घातलेले कपडे, औषधं, चष्म्याचं घर. विहाराची चावी काकूंना देऊन टाकली होती. दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा ती चावी त्यांनी सोडली नव्हती, उशाखाली होती. पिशवीतले कपडे उगाच काढून पुन्हा भरत बसले.

“बाई,” बाबा म्हणाले, “एक विचारू? तुया दादाले सांगू नको.”

“विचारा ना.”

“तुया सवालात दहा गणितं असते ना?”

“हो.”

“मले पाचच आठवते.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “रोज मोजून पाहिलं. बोटावर मोजलं. पाच करतो, अन् ते म्हणते दहा झाले. बाकीचे पाच कुठं जाते, बाई? मी मधामधात कुठं जातो?”

माझ्या हातातला सदरा हातातच राहिला. इतके दिवस हा माणूस रोज एकटा बसून ते मोजत होता आणि कोणाला सांगत नव्हता. मी पाच या आकड्याला घाबरले होते. ते भलत्याच गोष्टीला घाबरले होते, की आपण मधूनमधून या जगातून नाहीसे होतो आणि आपल्यालाच ठाऊक नसतं.

“माझ्यासमोर करा बरं एकदा,” मी म्हटलं.

बाबांनी फोन मांडीवर ठेवला. साइट उघडली. टण्ण वाजलं, गणित आलं. आणि बाबांनी वाचायच्याही आधी अंगठ्याने टिचकी मारली. ती पडली सगळ्यात खालच्या उत्तरावर, जिथं बरोबर उत्तर मी क्वचितच ठेवायची. पुन्हा टण्ण, दुसरं गणित आलं. आता बाबा थांबले, ओठ हलवत हिशेब केला आणि बरोबर उत्तर दाबलं. टण्ण. लगेच टिचकी. टण्ण. मग विचार, मग उत्तर.

“थांबा, थांबा! हे काय केलं?”

“काय केलं?”

“घंटी वाजल्याबरोबर दाबलं ना तुमी. काहून दाबलं?”

बाबांना माझा प्रश्नच कळला नाही. “घंटी आली ना,” ते म्हणाले, जणू मी विचारलं होतं की श्वास काहून घेता. “घंटी आली का परत द्याव लागते.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. खाणीत पिंजऱ्यात माणसं बसली की खालून घंटी यायची. वाइंडरने मशीनला हात लावायच्या आधी तेवढीच घंटी परत द्यायची, मगच मशीन हलवायचं. तीस वर्षांत एकदाही परत दिल्याशिवाय त्यांनी मशीन हलवलं नव्हतं.

“परत नाई दिली त खालच्याले कसं समजन, वर माणूस आहे का नाई?” बाबा म्हणाले. “अन् तू त तिकडं साकोलीले पाहून राहिली असते ना. मले वाटलं, तू मुद्दामच घंटी ठेवली. मंग मी देत होतो परत. तुले समजाले पाहिजे ना बाई, बाप जागा आहे म्हणून.”

मी त्यांच्या पायाशी बसले आणि ढसाढसा रडले. काकू पुन्हा दारात आल्या, मी हाताने त्यांना जा म्हटलं. मी पेल्यावर चमचा मारून एक आवाज टेप केला होता आणि विसरून गेले होते. आणि इकडे हा माणूस रोज पाच वेळा मला कळवत होता, मी आहे, मी आहे. मला साकोलीत ते पाच चुकलेले दिसत होते.

रडणं थांबल्यावर मी त्यांना नीट सांगितलं. तुमची परत दिलेली घंटी माझ्या साइटला उत्तर वाटायची. एक गणित तुमच्या टिचकीत जायचं, त्यानंतरची टण्ण तुम्हाला आपलीच परत दिलेली घंटी वाटायची, आणि दुसरं तुम्ही सोडवायचे. गणित समोर येऊन लगेच बदललं तरी तुम्हाला वाटायचं, हे बैताड असंच करते. नंबर मीच उलटेसुलटे केले होते, म्हणून कोणाच्याच लक्षात आलं नाही.

“मंजे ते पाच मी पाहिलेच नाई?”

“नाही, बाबा.”

“अन् जे पाहिले ते?”

“सगळे बरोबर. रोज पाचच्या पाच. कधी सहा आले ते टिचकी नशिबाने बरोबर जागी पडली म्हणून.”

बाबांनी दुपट्टा तोंडावर घेतला. बराच वेळ घेतला. खांदे हलत होते, मी हात लावला नाही. मग दुपट्ट्याच्या आतूनच म्हणाले, “लय भेव लागून राहिलं होतं, बाई.”

“मलेही, बाबा.”

“मंग बोलली काहून नाई?”

“तुमी तरी कुठं बोलले?”

त्यावर दोघांनाही हसू आलं. मग पुन्हा लावलं. पण अंगठा काही ऐकेना. टण्ण झालं की तो उठलाच! बाबा त्याच्यावर चिडले, हात मांडीखाली दाबून पाहिला, तरी सुटून यायचा. शेवटी मी त्यांचा हात धरून बसले. घंटी वाजली की घट्ट धरायचा, ओठ हलायचे थांबले की सोडायचा. त्यांच्या हाताला अजून मशीनचे घट्टे होते. दहापैकी नऊ आले. एक चुकलं ते माझ्यामुळे असं त्यांचं म्हणणं, मी हात लवकर सोडला. पुढे मी साइटच बदलली. आता घंटी आली की आधी एक टिचकी मारायची, मगच गणित दिसतं. क्लासच्या मुली विचारतात, हा काय नवीन ताप? मी सांगत नाही.

“दादाले फोन लाव,” बाबा म्हणाले. “तू नको बोलू. मी बोलतो.”

मी लावून दिला. बाबांनी घंटीचं काही सांगितलं नाही, नऊ आल्याचंही नाही. ते एवढंच म्हणाले, “उद्या गाडी नको आणू. अन् पोराची खोली पोराले परत दे. मी दिवाळीले येतो, चार दिवस. पण पाहुणा म्हणून येतो. पाहुण्यासारखं ठेवजो मले, पेशंटसारखं नको.”

तिकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि दादा म्हणाला, “हो, बाबा.” त्याला काय झालं आणि कसं झालं ते काहीच माहीत नव्हतं. त्याने फक्त बाबांचा आवाज ऐकला होता, पहिल्यासारखा, वरून सांगणारा.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला, पाय खाटेखाली सोडले आणि चप्पल शोधायला लागले. “भूक लागली,” म्हणाले. “काय आहे घरात?”

लकवा मारल्यापासून त्यांनी स्वतःहून कधीच जेवायला मागितलं नव्हतं. मी उठून तांदूळ धुवायला घेतले.